हॉट शॉट्सचा दुसरा भाग फसलेला नाहीच
हॉट शॉट्स या हॉलिवूडच्या विडंबनपटाचा दुसरा भाग म्हणजे नुसती जोक्सची खोगीरभरती, हे तुमचं मत मला अजिबात पटलं नाही. १९९३ च्या या सिनेमात रिचर्ड क्रेना आहे, जो रॅम्बो या ॲक्शनपटात, म्हणजे ज्याची इथे टर उडवलीय त्यातच, कर्नल झाला होता आणि इथेही तसाच गंभीर चेहरा ठेवून बोलतो, म्हणून तर विडंबन एवढं नेमकं लागतं! आणि तो नदीवरचा सीन, नायक झालेला चार्ली शीन बोटीतून चाललाय, समोरच्या बोटीत त्याचे खरे वडील मार्टिन शीन, दोघं ओरडून एकमेकांच्या वॉल स्ट्रीट सिनेमातल्या कामाची तारीफ करतात, कारण त्यातही ते बापलेकच होते. बाण संपल्यावर चार्ली धनुष्याला चक्क कोंबडी लावतो तेव्हा तर मी अजूनही पोट धरून हसते. गोष्ट पातळ आहे, मान्य, पण समीक्षकांनी तेवढ्यावरून मार्क कापणं अन्यायच आहे हो.