अनुभव धागा: बाळंतपणाची रजा संपली, कामाची वेळ बदलून मागितली... मग?

म्हार्दोळकाकी
काल दिवेलागणीला शेजारची सून दारात आली. कडेवर साडेपाच महिन्यांचं पोर, हातात मोबाईल. "काकी, एक तारखेला हजर व्हायचंय. तीन महिने साडेनऊच्या जागी साडेदहाला येऊ द्या, असा अर्ज कसा लिहू?" बस म्हटलं आणि मजकूर सांगायला लागले. दुसऱ्याच ओळीला "आपण कृपावंत होऊन" असं तोंडात आलं आणि मीच गप्प झाले. हेच शब्द मी २००९ साली लिहिले होते.

तेव्हा रजा १२ आठवड्यांची. ऑफिस पणजीला, पाटोवर, तीसेक माणसांचं. साडेपाचऐवजी साडेचारला सोडा, एवढंच मागितलेलं. साहेबांनी अर्जावर तांबड्या शाईत एकच शब्द लिहिला, "पाहिले". ना हो, ना नाही. मी आपली साडेचारला निघू लागले, कोणी हटकलं नाही. महिनाअखेरीला पगारातून तेवढे तास कापलेले! विचारायला गेले तर म्हणे, पाहिले म्हणजे मंजूर थोडंच?

त्यानंतर पुन्हा साडेपाच. बाणस्तारीच्या आसपास कदंबच्या बसमध्ये कुणाचं तरी मूल रडायला लागायचं आणि इकडे माझा ब्लाऊज भिजायचा. पदर, पदरावर पर्स, पर्सवर दुमडलेलं वर्तमानपत्र. कंडक्टर ओळखीचा, तो तिकीट द्यायला येताना खिडकीबाहेर बघायचा. त्याचे उपकार आहेत.

गंमत म्हणजे मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी, ही तरतूद १९६१ च्या कायद्यातच होती. मला ती कळली मुलगी पाचवीत गेल्यावर.

तुम्ही मागितलं होतं का? कसं? काय मिळालं? लिहा गो.

लाईन_नंबर_तीन
वेर्णा, औषध कंपनी, पॅकिंग. फोंड्याहून कंपनीची बस, पहिली शिफ्ट म्हणजे पहाटे घर सोडायचं. मी फक्त जनरल शिफ्ट मागितली. "बघू" म्हणाले ते चार महिने बघतच होते.

पण खरा ताप वेगळाच. दूध काढायला लाईनवरून बाहेर यायचं तर गाऊन काढा, टोपी काढा, बूटकव्हर काढा, बाहेरच्या चपला घाला. परत येताना सगळं उलट, वर हात धुणं. दहा मिनिटांच्या कामाला पस्तीस मिनिटं. आणि बाहेर जाताना रजिस्टरात कारण लिहायचं! मी "वैयक्तिक" लिहायचे. एक दिवस सुपरवायझरने विचारलं, रोज अकरा वाजता कसलं वैयक्तिक? दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरात "दूध" लिहिलं. पुन्हा विचारलं नाही बिचाऱ्याने.

शेवटी कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं, जनरल शिफ्ट. शिफ्टचा भत्ता गेला. घेतलं.

उंडे_आणि_भाजी
"दूध" 😂😂 लाईनताई साष्टांग नमस्कार

शेवंती२२
पंप कुठला वापरायचात? माझ्या बहिणीला हवाय

लाईन_नंबर_तीन
हाताचा. इलेक्ट्रिकवाला आवाज करतो, बाहेर रांग लागलेली असते. कँटीनवाल्या मावशी बर्फ द्यायच्या, त्यात स्टीलचा डबा ठेवायचे.

दिवाडची
मी कुणाला काही मागितलं नाही. फेरीबोट चुकली म्हणायचं! पंधरा मिनिटं उशीर झाला तर गर्दी होती, अर्धा तास झाला तर गाड्या भरल्या होत्या. वर्षभर चाललं. साहेब साष्टीतला, त्याला कुठे फेरीबोटीचं टायमिंग माहीत.

उंडे_आणि_भाजी
पूल झाला की काय सांगशील?

दिवाडची
तोवर पोर कॉलेजात जाईल 😀

तिसरा_तास
शाळेत कसलं लवचीक? घंटा वाजली की वाजली. पण आमच्या हेडबाईंनी न मागता वेळापत्रकात माझा पहिला तास मोकळा ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीला जोडून एक. घर शाळेच्या मागेच, पळत जाऊन पाजून यायचे. कागदावर काहीच नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी हेडबाई निवृत्त झाल्या आणि सवलतही त्यांच्याबरोबर गेली. म्हणून सांगते, तोंडी मिळालं तरी एक ओळ लेखी घ्या.

वाळपईकरीण
आयटीवाली. २०१७ ला कायदा बदलला, २६ आठवडे झाले. त्यातच असंही आहे की रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम करता येईल. मी उड्या मारत एचआरला पाठवलं. उत्तर आलं, मॅडम पुढचे शब्द वाचा. पुढचे शब्द म्हणजे दोघांच्या संमतीने. झालं! हक्क आहे म्हणावं तर समोरच्याने हो म्हटलं पाहिजे.

मग दुसरा मेल केला, कायद्याचं नावच नाही. आठवड्याला दोन दिवस घरून, तीन महिने करून बघू, नाही जमलं तर मीच बंद करेन. कुठली कामं घरून, कुठली ऑफिसात, मी नसेन तेव्हा कुणाला विचारायचं, सगळं लिहिलं. दोन दिवसांत मंजूर.

आणि मग जुलै आला. सत्तरी तालुक्यातला पाऊस! लाईट गेली की इन्व्हर्टर दोन तास, रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात. परदेशातल्या क्लायंटने विचारलं, इज दॅट अ काऊ? हो म्हटलं. तो इतका खूश झाला की पुढच्या प्रत्येक मीटिंगला आधी गाईची चौकशी.

शेवंती२२
गाईचं नाव काय 😍

वाळपईकरीण
कपिला. आता म्हातारी झालीय.

बाबा_आहे_मी
पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? बायकोची रजा संपली तेव्हा मी अर्ज केला, दोन महिने उशिरा येतो, उशिरापर्यंत थांबतो. साहेबांचा पहिला प्रश्न, "वहिनी बऱ्या आहेत ना?" दुसरा, "आई नाही का घरी?" केंद्र सरकारी नोकरांना बाप झाल्यावर १५ दिवस रजा तरी मिळते, आमच्या खासगीत शून्य. अर्ज नामंजूर. मित्र अजून मला "बाळंतीण" म्हणून हाक मारतात.

म्हार्दोळकाकी
हाक मारू देत. अर्ज तर केलात.

छापखाना_म्हापसा
शिव्या खाईन पण लिहितो. आम्ही चौदा माणसं. दहा किंवा जास्त माणसं झाली की कायदा लागू. कर्मचारी राज्य विम्यात (ईएसआय) असलेल्यांना पैसे तिथून मिळतात, पण ज्यांचा पगार त्या विम्याच्या मर्यादेबाहेर त्यांचा २६ आठवड्यांचा पूर्ण पगार मालकाच्या खिशातून, वर बदली माणसाचा वेगळा. आमची डिझाईनवाली मुलगी परत आली तेव्हा तिने अर्धा दिवस मागितला आणि मी आधी नाहीच म्हटलं. मग लग्नपत्रिकांचा सीझन आला, बदली मुलाने एका पत्रिकेत वराचे आणि वधूचे वडील उलटे छापले. चारशे प्रती. त्याच रात्री तिला फोन केला, तुला हवं तेव्हा ये.

लाईन_नंबर_तीन
दादा, म्हणजे तुम्ही सुधारलात ते पत्रिकेमुळे 😂

छापखाना_म्हापसा
खोटं कशाला बोलू, हो.

नानी_फोंडा
मुलींनो हळीवाची खीर घेता ना? नारळाच्या रसात करा, गूळ शेवटी घाला नाहीतर फाटते. ऑफिसला डब्यात नेता येते.

रिसेप्शन_कळंगुट
नानी, रेसिपी वेगळी टाका ना.
माझं थोडक्यात. हॉटेल, फ्रंट ऑफिस. रजा संपली डिसेंबरात. डिसेंबरात कळंगुटला फ्लेक्झी मागणं म्हणजे... सोडली नोकरी. पुन्हा मागावंसं वाटलं नाही. आता घरून अकाउंट्स बघते तिघांचे. अधूनमधून युनिफॉर्मची साडी काढून इस्त्री करते, का ते माहीत नाही.

तिसरा_तास
🤗

दिवाडची
आमच्याकडे ये एक दिवस. फेरीबोटीने. चुकली तरी चालेल.

नेने_पर्वरी
पाळणाघराचं कुणी लिहिलं नाही? ५० किंवा जास्त माणसं असाल तर देणं बंधनकारक आहे, दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला सोडायचं. आमच्याकडे खोली आहे, दारावर पाटीही आहे. आत जुने प्रिंटर.

वाळपईकरीण
आमच्याकडे पाटीपण नाही, तुम्ही पुढे आहात.

म्हार्दोळकाकी
तुमचं वाचून अर्ज पुन्हा लिहिला. "कृपावंत" काढलं. तारखा घातल्या, कामं घातली, खाली लेखी उत्तर द्यावे अशी ओळ. आज दुपारी तिने फोटो पाठवला. वर पेनाने लिहून आलंय, "भेटा".

लाईन_नंबर_तीन
"पाहिले" पेक्षा बरं!

उंडे_आणि_भाजी
काकी, भेटल्यावर काय झालं ते कळवा

म्हार्दोळकाकी
सोमवारी भेटणार. तोवर पोर माझ्याकडे, सवय करतोय दोघंही. आत्ता मांडीवर झोपलंय, एका बोटाने टाईप करतेय.

लाईन_नंबर_तीन
शेवंती, पंप सापडला. बहिणीला देते, फोंड्याला बसस्टँडवर ये. बाटली एकच आहे, दुसरी लेकाने चतुर्थीत गणपतीवरची फळांची माटोळी बांधायच्या वेळी रंग कालवायला नेली.