चिकन सूप गरम पाण्यासारखं लागतंय, लवकर मदत हवी

मांडवीकाठ (मंगळवार, संध्याकाळ)
तीनदा केलं, तिन्ही वेळा फुकट गेलं. वास येतो, पण तोंडात घेतलं की नुसतं गरम पाणी. बाबा दोन चमचे घेतात आणि वाटी बाजूला सारतात. हॉस्पिटलमधून घरी आणून नऊ दिवस झाले, पोटात धड काही गेलेलं नाही. आलं, लसूण, मिरी, कांदा सगळं घातलंय, तेव्हा कृपया ‘आलं-लसूण घाला’ म्हणू नका. उद्या सकाळी परत करणार आहे. काय चुकतंय?

फोंडकर
कोंबडी गावठी की ब्रॉयलर? पाणी किती? किती वेळ शिजवलं?

तांबडी_माती
ब्रॉयलरच असणार. पाच-सहा आठवड्यांत कापतात ती, चव कुठून येणार? शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा आणि गावठी घेऊन या. तलंग नको, अंडी घालून थकलेली जून कोंबडी बघा. आमच्या घरी बाळंतिणीलाही तिचाच रस देतात.

मांडवीकाठ
आज मंगळवार आहे हो, शुक्रवारपर्यंत कशी थांबू? कोपऱ्यावरच्या दुकानातलं साधं चिकन आहे, अर्धा किलो बोनलेस. पाणी नेहमीएवढं.

फोंडकर
नेहमीएवढं म्हणजे किती?

मांडवीकाठ
मोठा टोप भरून, तीन लिटर तरी असेल. दिवसभर पुरावं म्हणून. खळाखळा उकळलं, वीस मिनिटं.

पेडण्याची
बाय, अर्धा किलो बोनलेसमध्ये तीन लिटर पाणी म्हणजे पाणीच लागणार. सूपला अंग येतं ते हाडं, कातडी आणि सांध्यांतून. त्यातलं कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, म्हणून चांगलं सूप ओठाला किंचित चिकटतं. दुकानदाराला सांग, पाठीचे सांगाडे, माना, पंख आणि पाय दे. पाय नक्की घे, नखं कापून, वरची पिवळी साल गरम पाण्यात धरून सोलून. सगळं मिळून एक किलो, त्यावर दोन बोटं चढेल एवढंच गार पाणी. गारच घे. हळू तापलं की मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहा. नंतर आच इतकी मंद ठेव की मधूनच एखादा बुडबुडा यावा. तीन तास. खळखळ उकळलंस तर चरबी पाण्यात फेटली जाते आणि सूप गढूळ होतं.

साळनदी
आजारी माणूस घरात आणि तीन तास गॅसपाशी कोण उभं राहणार? कुकर लावा. तेवढीच हाडं, दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, पहिली शिटी झाली की आच मंद करून पाऊण तास. वाफ आपोआप जिरू द्यायची. कुकरमध्ये तापमान १००च्या वर जातं, म्हणून तीन तासांचं काम तासाभरात होतं.

पेडण्याची
कुकरमध्ये मळी काढता येत नाही. तो वास आजाऱ्याला लगेच जाणवतो.

साळनदी
झाकण लावायच्या आधी दहा मिनिटं उघडं ठेवून मळी काढा की. आईच्या आजारपणात दोन महिने मी रोज असंच केलं. तिला कधी वास आला नाही.

गरम_मसाला
चव हवी तर शागुती करा. खसखस, बडीशेप, चक्रीफूल, सुकं खोबरं खरपूस भाजून…

पेडण्याची
नऊ दिवस न जेवलेल्या माणसाला शागुती?

रानभाजी
मुगाचं कढण द्या. जिरं, हिंग आणि चमचाभर तूप. पोटाला हलकं, कोंबडीपेक्षा लवकर पचतं.

मांडवीकाठ
कढण ते घेत नाहीत, देऊन झालं. त्यांनी स्वतः कोंबडीचं सूप मागितलंय, म्हणून तर धडपड चाललीय.

जुनी_पाटी
आमच्या शेजारी एक ख्रिश्चन आजी आजाऱ्यासाठी ‘कांज’ करायच्या. कोंबडीच्या रसात मूठभर तांदूळ मऊ शिजवायचा, शेवटी लिंबू. पोर्तुगीजांची ‘कांजा’ ती हीच, आणि शब्द गेलाय आपल्याकडून. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं १५६३ साली गोव्यातच छापलेलं औषधांवरचं पुस्तक आहे. पटकीच्या रोग्याला इथले लोक मिरी-जिरं घातलेलं तांदळाचं पाणी देतात आणि त्याला ‘कांजे’ म्हणतात, असं त्यात लिहिलंय.

तांबडी_माती
कांजी मूळची तमिळ-मल्याळमकडची. आपली ती पेज.

जुनी_पाटी
पेज वेगळी. उकड्या तांदळाची पेज आणि कांज यांत…

फोंडकर
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे घाई आहे. मांडवीकाठ, मीठ किती घालता?

मांडवीकाठ
मीठ नाहीच घालत. बीपी आहे ना त्यांना. घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘मीठ अगदी कमी’ असं लिहिलंय.

फोंडकर
हे पहिल्याच वाक्यात हवं होतं! बिनमिठाचं सूप कितीही चांगलं केलं तरी जिभेला बोथटच लागतं. ‘अगदी कमी’ म्हणजे दिवसाला किती, ते उद्या डॉक्टरांना फोन करून नेमकं विचारा. चिमूटभर चालत असेल तर ते टोपात घालू नका, वाटीत वरून घाला. जिभेला लगेच लागतं आणि किती गेलं तेही कळतं.

साळनदी
आणि सूपचे तयार क्यूब चुकूनही नकोत, त्यात मीठच जास्त. ‘लो सोडियम’ मीठही विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं.

गरम_मसाला
मग आंबट करा. दोन सोलं (आमसुलं) टाका. चार तिरफळंही ठेचून.

पेडण्याची
तिरफळं बांगड्याला. आणि बाजारातली सोलं बहुतेक खारवलेली असतात, म्हणजे मागच्या दाराने मीठ आलंच. लिंबू पिळ, तेही आच बंद केल्यावर. कांदा अर्धा कापून कोरड्या तव्यावर काळपट होईपर्यंत भाज आणि सालासकट टाक, रंग आणि गोडवा दोन्ही येतात. एक पिकलेला टोमॅटो, गाजर, कोथिंबिरीचे देठ. गाळून झालं की झाकण काढून एक तृतीयांश आटव. मीठ नसलं की दाटपणावरच सगळी भिस्त. आजाऱ्याला मोठी वाटी नकोच, अर्धी वाटी पण कसदार दे.

फोंडकर
आटवण्याबद्दल सहमत. उरलेलं ओट्यावर ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत रात्रभरात जातं. टोप गार पाण्यात ठेवून निववा आणि फ्रीजमध्ये टाका. तीन दिवसांत संपवा, दर वेळी लागेल तेवढंच काढून चांगलं उकळून द्या.

मांडवीकाठ (गुरुवार, दुपार)
काल दुकानदाराने सांगाडे आणि आठ पाय जवळजवळ फुकटच दिले. मळी काढून कुकर लावला, भाजलेला कांदा घातला, गाळून आटवलं. डॉक्टरांनी वाटीमागे एक चिमूट मीठ चालेल म्हणून सांगितलं. बाबांनी काल रात्री पाऊण वाटी घेतली. आज सकाळी स्वतःहून विचारलं, ‘आहे का अजून?’ मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.
फ्रीजमधलं सूप खरवसासारखं थरथरतंय. वर पिवळा थर आलाय, तो काढायचा का?

पेडण्याची
थरथरतंय म्हणजे नीट जमलंय. पिवळा थर चरबीचा, चमच्याने अख्खा सुटून येईल. त्यांना देताना काढ. वाटीत वेगळा ठेव, घरच्या भाताला फोडणी द्यायला चांगला. उद्यापासून त्यात मूठभर तांदूळ मऊ शिजवून बघ, थोडा आधार होईल पोटाला.

जुनी_पाटी
तीच कांज!

तांबडी_माती
उद्या शुक्रवार आहे. मी म्हापशाला जाणारच आहे, गावठी हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.