जर्मनीच्या प्लांटला पाच महिन्यांसाठी तिघांना पाठवायचंय, तयारी कुठून सुरू करावी?

अंबड_एचआर
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या ऑटो पार्ट्स कंपनीत मी एचआर बघते. आमच्याच ग्रुपच्या जर्मनीतल्या प्लांटमधली ग्राइंडिंग लाइन पुढच्या वर्षी इकडे येणार आहे. ती शिकून घ्यायला जानेवारीपासून पाच महिने तिघं जातील: एक क्वालिटी इंजिनिअर (बीई) आणि दोन ऑपरेटर (आयटीआय, आठ-दहा वर्षं मशीनवर). आजवर आमच्याकडून फक्त बिझनेस व्हिसावर आठ-दहा दिवसांचे दौरे झाले. हातात तीन महिने आहेत. कागदपत्रं आधी की माणसांची तयारी आधी? आणि काय चुकतं?

परमिट_फाइल
ताई, दोन्हीच्या आधी एका कागदावर लिहून काढा की हे तिघं तिथे नेमकं काय करणार: बघणार, शिकणार, की मशीनला हात लावून उत्पादन काढणार? बाकी सगळं त्यावर ठरतं. बिझनेस व्हिसा डोक्यातून काढूनच टाका. त्यावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि मीटिंग, बोलणी, पाहणी एवढंच चालतं. लाइनवर उभं राहून काम केलं तर ते विनापरवाना काम ठरतं, दिवस कितीही कमी असोत.

पाच महिन्यांसाठी नॅशनल व्हिसा, म्हणजे 90 दिवसांपेक्षा जास्त मुक्कामाचा, लागेल. ग्रुपचीच कंपनी असल्याने इंजिनिअरसाठी आयसीटी कार्ड (एकाच ग्रुपच्या कंपन्यांत बदलीवर जाणाऱ्यांचा परवाना) बघा; अट अशी की तो निदान सहा महिने सलग तुमच्याकडे नोकरीत हवा. ऑपरेटरांचं मात्र जपून. ते कार्ड मॅनेजर, स्पेशालिस्ट आणि पदवीधर ट्रेनी यांच्यासाठी आहे, आयटीआयवाल्याला स्पेशालिस्ट म्हणून दाखवलं की फाइल अडकते. त्यांच्यासाठी कंपनीतल्या प्रशिक्षणाचा वेगळा परवाना असतो. त्याला लेखी प्रशिक्षण-आराखडा लागतो: कोणत्या आठवड्यात कोणतं मशीन, शिकवणार कोण, शेवटी काय यायला हवं. 'ग्राइंडिंग ट्रेनिंग, 5 महिने' अशी एक ओळ पुरत नाही. तिथल्या प्लांटला सांगून जर्मन रोजगार खात्याची पूर्वसंमती आधीच घ्यायला लावा, म्हणजे व्हिसा अर्जाचा वेळ वाचतो.

आणि आज संध्याकाळीच तिघांचे पासपोर्ट मागवून नावं तपासा. आपल्याकडे कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, कुणाचं वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं, तर डिग्रीवर तिसरंच स्पेलिंग. दुरुस्तीत महिना सहज जातो. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याला स्वतः जावं लागतं, तेव्हा तिघांच्या शिफ्ट त्या दिवशी मोकळ्या ठेवा.

पीएफ_वाला
वरच्यांनी परवान्याचं सांगितलं, मी पगाराचं सांगतो. तिघांचा पगार इथूनच चालू ठेवा आणि पीएफ एक महिनाही खंडू देऊ नका. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. त्यानुसार ईपीएफओकडून कव्हरेज सर्टिफिकेट घेतलं की 48 महिन्यांपर्यंत तिथल्या पेन्शन विम्यात पैसे भरावे लागत नाहीत. ते नसेल तर पगाराच्या 18.6 टक्के पेन्शनपोटी जाऊ शकतात, निम्मे कंपनीचे, निम्मे कामगाराचे. अर्ज ऑनलाइन होतो. माणूस निघण्याआधी सर्टिफिकेट हातात हवं, नंतर धावाधाव नको. घोळ होतो तो तिथला प्लांट 'सोयीसाठी' यांना आपल्या पगारपत्रकावर घेतो तेव्हा. मग ते पाठवलेले कर्मचारी उरत नाहीत आणि करारातली सवलत जाते.

इन्शुरन्स ट्रॅव्हल पॉलिसीपुरता ठेवू नका. मशीनवर काम आहे, कामावरची दुखापत त्यात धरली आहे का ते पॉलिसीतून शब्दशः वाचून घ्या.

मायक्रॉन
परवाना, पगार झालं. कामाच्या तयारीला कुणी वेळ देत नाही, आणि माणूस तिथे पहिले तीन आठवडे नुसता बघत बसतो. जर्मन क्लास जरूर लावा, पण 'मी नाशिकचा आहे' एवढ्यावर थांबू नका. मशीनजवळचे शंभर शब्द पाठ करून घ्या. आउसशुस म्हणजे स्क्रॅप, नाखआर्बाइट म्हणजे रीवर्क. आकडे आपल्याला सोपे जातात, कारण चौऱ्याऐंशीत चार आधी आणि ऐंशी नंतर, जर्मनही तसंच बोलतात. वेळ मात्र फसवते: 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे. शिफ्टला तासभर उशीर याच एका शब्दाने होतो.

ड्रॉइंगवर दशांशाला स्वल्पविराम असतो: 0,005. आणि 1.250 म्हणजे एक हजार दोनशे पन्नास. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या प्रोग्रॅममध्ये मात्र पॉइंटच. तिकडून आलेली मोजमापांची सीएसव्ही फाइल आपल्या एक्सेलमध्ये थेट उघडली की कॉलम फुटतात, कारण तिथे रकाने अर्धविरामाने तोडतात आणि आपलं एक्सेल स्वल्पविरामाने. इंजिनिअरला हे इथेच करून दाखवा.

ऑपरेटरांकडून निघण्याआधी आपल्या मशीनची एक वही भरून घ्या: ग्राइंडिंग व्हीलचा पूर्ण स्पेक, किती पीसनंतर ड्रेसिंग (व्हीलला पुन्हा धार आणणं), ड्रेसिंगची खोली, स्पिंडलचा रनआउट (फिरताना किती डगमगतो), कूलंटचं रिफ्रॅक्टोमीटर (घट्टपणा मोजायचं यंत्र) रीडिंग. त्या रीडिंगला कूलंटच्या फॅक्टरने गुणायचं असतं, हे बऱ्याच जणांकडून राहतं. तिथे तेच रकाने पुन्हा भरायचे. म्हणजे फरक दिसतो आणि 'का' विचारता येतं. कूलंटचं प्रमाण तिथून जसंच्या तसं उचलू नये, पाण्याचा जडपणा वेगळा असतो.

अजून एक, मनापासून सांगतो: 'समजलं का?' ला आपली पोरं आदरापोटी 'हो' म्हणतात. समोरचा ते खरं धरून पुढे जातो. समजलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायची सवय इथेच रोजच्या शिफ्ट मीटिंगमध्ये लावा.

अंबड_एचआर
फार उपयोगी, धन्यवाद सगळ्यांना. राहण्या-जेवण्याचं? एक ऑपरेटर पूर्ण शाकाहारी आहे आणि घरचे काळजीत आहेत.

डबा_आणि_चावी
स्वयंपाकघर असलेलंच घर बघा. बुक करण्याआधी मालकाला विचारा, राहत असल्याचा लेखी दाखला देणार का. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत नोंदणी करायची असते आणि त्याशिवाय ती होत नाही.

बॅगेत तूप, पेढे, कुंदा काही घालू नका. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला आणता येत नाहीत. आईने प्रेमाने दिलेल्या काळ्या मसाल्यात खसखस आहे का ते बघा. विमान दुबई किंवा अबू धाबीवरून जात असेल तर तिथे खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, म्हणून मसाला खसखशीशिवायच कुटून घ्या. डाळ, तांदूळ, हळद तिथे मिळतं. कुकर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा हवा, ॲल्युमिनियमचा साधा कुकर तापतच नाही. फोडणी देताना खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. रविवारी दुकानं बंद, सामान शनिवारीच भरायचं.

औषधं तीन महिन्यांपर्यंतची, चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर ब्रँड नव्हे तर औषधाचं मूळ नाव. तातडीला 112, रात्री-सुट्टीला साध्या दुखण्यासाठी 116117.

भारतातलं सिम रोमिंगसह चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. घरच्यांना सांगा, हिवाळ्यात तिकडचं घड्याळ साडेचार तास मागे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन. आणि निफाडची थंडी बघितलेल्यालाही थर्मल दोन जोड लागतील. तिथली थंडी ओली असते आणि जानेवारीत सकाळी आठपर्यंत उजाडत नाही.