विषय: सासूबाईंच्या आजीचा मृत्युदाखला, तातडीने

मेधा:
मंडळी, तुसँच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या सणाच्या, आत हवाय, तेव्हा सासरचा सगळा गोतावळा जमतो. गाव फ्रान्सच्या काँताल जिल्ह्यात, सँ-फ्लूरजवळ. गावच्या मृत्युनोंदींच्या दशवार्षिक सूच्या १९४२ पर्यंत चाळल्या, बाईंचं नाव नाही. इन्सेच्या, म्हणजे सरकारी सांख्यिकी संस्थेच्या, मृतांच्या यादीत नाही. जन्मनोंदीचा समासही कोरा. मेरीला, म्हणजे गावच्या नगरपालिकेला, मेल केला, उत्तर नाही.

सुहास:
इन्सेचं सोडा, ती यादी १९७० नंतर गेलेल्यांची. समासात मृत्यू नोंदवायला लागले १९४५ पासून. नाव माहेरचं टाकलंत ना? इथल्या दप्तरात बाई शेवटपर्यंत माहेरचीच.

मेधा:
माहेरचंच टाकलं, दादा. तेवढं कळतं आता.

वंदनाकाकू:
सूची तरी आहे, नशीब समज. आमच्या ह्यांचं घराणं पॅरिसचं. दाखल्यांच्या दोन प्रती दोन इमारतींत ठेवलेल्या आणि १८७१ च्या मे महिन्यात दोन्ही इमारती जळाल्या. पुढे चर्चच्या वह्यांवरून आणि लोकांच्या घरच्या कागदांवरून काही नोंदी पुन्हा उभ्या केल्या, पण आमचे पणजोबा त्यांत नाहीत. ह्यांची आत्या अजून म्हणते, मुद्दाम जाळलं.

प्रशांत (यादी व्यवस्थापक):
ही मेल-यादी मंडळाच्या कामासाठी आहे. फराळाची ऑर्डर रविवारपर्यंत द्यायची आहे, निम्म्या घरांचं उत्तर नाही.

सुहास:
प्रशांत, गेल्या वर्षी इथेच चार दिवस गाडी विकत होतास.
मेधा, बाई गावात गेल्याच नसतील. दाखला होतो जिथे प्राण गेला तिथे. पण वारसाकराचे कागद राहत्या भागाच्या कचेरीत, सहा महिन्यांच्या आत. त्या कचेरीच्या मयतांच्या आणि वारसांच्या सूच्या आहेत, 'ताब्ल दे सुक्सेसियाँ ए आब्सांस'. काँतालच्या जिल्हा अभिलेखागारात, ओरियाकला मिळतील, 3क्यू मालिकेत. सँ-फ्लूरची कचेरी माग. नावं फक्त पहिल्या अक्षराने लावलेली, पुढे तारखेप्रमाणे, त्यामुळे ते अख्खं अक्षर वाचावं लागतं. मालमत्ता नसलेल्यांचीही ओळ असते, समोर नुसतं 'कारांस', म्हणजे मालमत्ता नाही.

मेधा:
त्यांच्याकडे काय असणार, दोन गायी!

सुहास:
गायी पण मालमत्ताच. जमिनीचा तुकडा असेल तर वारसाकराच्या घोषणापत्रात वारस, नाती, पत्ते, सगळं सापडतं. पन्नास वर्षं उलटली की ते कुणालाही बघता येतं.

मेधा:
सापडल्या! आडनावाच्या अक्षरात, पान फाटायला आलेलं. विधवा, मृत्यू क्लेरमाँ-फेराँ. सासूबाई म्हणतात, हो, डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलं होतं. इतके दिवस हे कुणीच बोललं नाही!

सुहास:
मग काँतालमध्ये शोधू नकोस, क्लेरमाँचा जिल्हा वेगळा, प्युइ-द-दोम. क्लेरमाँच्या मेरीकडे पूर्ण प्रत माग, फुकट मिळते. घोषणापत्रही काढ, त्यात नोतेरचं, म्हणजे दस्त करणाऱ्या नोटरीचं, नाव असलं तर पुढचं दारही उघडेल.

वंदनाकाकू:
प्रशांत, माझी चकली दोन किलो. शंकरपाळे नकोत, मागच्या वेळी कडक होते.