ग्रामीण सेवेच्या बदल्यात फिजिओथेरपिस्टचे शैक्षणिक कर्ज सरकारने फेडावे का?

धागालेखिका, कोथरूड
माझ्या भाचीने पुण्यातील एका खासगी महाविद्यालयातून बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) केले. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप संपेपर्यंत व्याज धरून तिचे कर्ज ६ लाखांवर गेले. १० टक्के दराने दहा वर्षांत ते फेडायचे तर दरमहा सुमारे ८ हजारांचा हप्ता बसतो, आणि तिचा पगार आहे १८ हजार. म्हणून नोकरी सांभाळून ती सकाळ-संध्याकाळ गुडघा बदललेल्या आजी-आजोबांकडे होम व्हिजिटला जाते. वेल्हे किंवा भोरकडे काम करण्याची तिची मनापासून इच्छा आहे, पण तिथे व्हिजिटचे उत्पन्न नाही. जो फिजिओथेरपिस्ट अशा तालुक्यात सलग पाच वर्षे सेवा देईल, त्याचे उरलेले कर्ज सरकारने फेडावे. अमेरिकेत २००७ च्या कायद्याने सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत १२० हप्ते भरणाऱ्यांचे उरलेले केंद्रीय कर्ज माफ होते. फिजिकल थेरपिस्टही (म्हणजे तिथले फिजिओथेरपिस्ट) त्याला पात्र ठरतात.

निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ
आपल्या भाचीची ओढाताण खरी आहे, तरीही माझा विरोध आहे. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय दिले जाते, म्हणजे बँकेची भिस्त परतफेडीच्या शिस्तीवरच असते. राज्यात २०१७ आणि २०१९ मध्ये शेतकरी कर्जमाफी झाली. माफीची नुसती चर्चा सुरू झाली, तरी नियमित फेडणारेही हात आखडता घेतात, हे मी शाखेत बसून पाहिले आहे. मग व्यवस्थापक पुढच्या गरीब मुलाच्या अर्जाकडे साशंक नजरेने पाहू लागतो. शिवाय परिचारिकेने काय घोडे मारले आहे?

धागालेखिका
परिचारिकांनाही सवलत मिळावी, माझी हरकत नाही. येथे बँकेने काहीच सोडायचे नाही. पैसे सरकार भरेल आणि तेही सेवा झाल्यावरच. अर्धांगवायूचा रुग्ण रुग्णालयातून गावी परततो, तेव्हा घरचे लोक मायेने त्याचा लुळा हात धरून त्याला उठवतात आणि त्यातच खांदा सांध्यातून सरकतो. हाताला ओढ न देता, खांद्यामागे आधार देऊन कसे उठवायचे, हे घरच्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवणारा माणूस तालुक्यात असायला हवा. तेवढ्यासाठी रोज पुण्याला खेप घालणे कोणाला परवडणार?

फिजिओथेरपिस्ट, हडपसर
हेतू पटतो, पण आधी तिथे सरकारी पदे तर हवीत. कंत्राटी नेमणूक बहुधा ११ महिन्यांची असते, मग ‘सलग पाच वर्षे’ मोजायची कशी? मंजूर पदे वाढवून पूर्ण वेतन दिले, तर वेगळ्या माफीची गरजच राहणार नाही. दुसरे म्हणजे, खासगी महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, पण अभिमत (डीम्ड) विद्यापीठे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. सरकार कर्ज फेडणार असे कळले की तिथले शुल्क वाढायला कितीसा वेळ लागेल?

धागालेखिका
पदे वाढलीच पाहिजेत, याबाबत दुमत नाही. मात्र पदे मंजूर होईपर्यंत आज शिकून बाहेर पडलेल्यांची उमेदीची वर्षे निघून जातील. ‘सलग’ची अट काढून, जितके महिने सेवा तितके हप्ते सरकारने थेट कर्जखात्यात भरावेत. नेमणुकीत खंड पडला, तरी झालेल्या सेवेचा लाभ बुडणार नाही.

निवृत्त बँक अधिकारी
महिन्याला महिना या हिशोबाने बँकेची जोखीम उलट कमी होते, एवढे मान्य करतो. मात्र सरकारी मदतीला प्राधिकरणाने त्याच अभ्यासक्रमासाठी ठरवलेल्या शुल्काइतकी कमाल मर्यादा हवी. ती घातल्याखेरीज माझा पाठिंबा नाही.