मदत हवी आहे: गिटारचा ब्रिज बदलायचाय, मापं जुळेनात

नमस्कार मंडळी. मी आर्वीकडचा, जि. वर्धा. साधी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार आहे, सहा स्क्रूचा ट्रेमोलो ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारा धरणारा, दांड्यानं हलवून सूर वरखाली करता येणारा भाग. सॅडलचे (प्रत्येक तारेखालचा छोटा टेकू) बारीक ॲलन स्क्रू घामानं गंजले, एकाचे तर आटेच गेले. ब्रिजखालचा ब्लॉक (बॉडीत उतरणारा ठोकळा, तारा आणि स्प्रिंग त्यात अडकतात) झिंकचा, पातळ. आर्म (ब्रिजचा दांडा) दाबला की जी सुराची तार हमखास सुरातून उतरते. नटमध्ये (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) पेन्सिलीचं शिसं घासून झालं, थोडाच फरक पडला.

ऑनलाइन स्टील ब्लॉकवाले चांगले ब्रिज दिसतात, पण 56 मिमीचे. माझ्या गिटारवर पहिल्या ते सहाव्या स्क्रूचं अंतर 52.5 मिमी. बॉडीही पातळ, त्यामुळे उंच ब्लॉक मागून बाहेर येईल ही धास्ती.

जुनी भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवून नवी पाडू, की 52.5 चाच शोधू? इथला लेथवाला पितळेचा ब्लॉक करून द्यायला तयार आहे (ट्रॅक्टरचे बुश करतो, हात साफ आहे), पण तारांच्या आणि स्प्रिंगच्या भोकांची मापं मागतो. कुणाकडे नकाशा आहे का?

आर्म तसा कमीच वापरतो. ब्लॉकमागे सागाची पाचर बसवून ब्रिज फिक्सच केला तर? कुणी केलं असेल तर सांगा भाऊ. “नवी गिटार घे” सोडून काहीही चालेल.