जीडीबीएम फाइलमधला डेटा एन्क्रिप्ट करायचाय

गिरगावकर: ठाकूरद्वारला काकांचा दवाखाना आहे. पेशंटच्या नोंदी पायथनमधून जीडीबीएम (की-व्हॅल्यू जोड्या साठवणारा साधा डेटाबेस) फाइलीत ठेवतो. की, म्हणजे जिच्यावरून नोंद शोधतो ती, मोबाइल नंबर आहे, व्हॅल्यूत आजार नि औषधं. फाइल एडिटरमध्ये उघडली की ‘मेटफॉर्मिन’ सरळ वाचता येतं. व्हॅल्यू फर्नेटने (पायथनमधली एन्क्रिप्शनची तयार सोय) एन्क्रिप्ट केली की भागेल ना?

परळचा_पोऱ्या: नाही भागणार. नंबर उघडाच राहतो, आणि दवाखान्याच्या फाइलीत नंबर सापडणं हीच अर्धी बातमी. पण की फर्नेटमधून काढू नकोस. तो दर वेळी नवा आयव्ही, म्हणजे सुरुवातीला मिसळायचा रँडम आकडा, घेतो. एकाच नंबरची दोन टोकनं (एन्क्रिप्ट होऊन आलेला मजकूर) वेगळी, मग शोधणार कसं? नंबरचा एचएमएसी-शा-256 (गुप्त किल्ली घालून काढलेला हॅश, एका नंबरला कायम तोच) काढ, तीच की. नुसता शा-256 नको, दहा आकडी नंबर सगळे चाळून बघायला साधा लॅपटॉपही पुरतो. खरा नंबर व्हॅल्यूच्या आत टाक. एचएमएसी नि फर्नेट, दोन्हींच्या गुप्त किल्ल्या वेगळ्या, आणि कृपा करून त्या फाइलीशेजारी ठेवू नकोस. कुलूप लावून चावी पायपुसण्याखाली!

दादर_लोकल: बर्कले डीबी या दुसऱ्या डेटाबेसात एईएस एन्क्रिप्शन आतच मिळतं, तिकडे जा की.

परळचा_पोऱ्या: एका दवाखान्यासाठी कशाला उठाठेव?

गिरगावकर: जुन्या नोंदी त्याच फाइलीत बदलू?

परळचा_पोऱ्या: नको रे. जीडीबीएम जागा मोकळी करतं, पुसत नाही. जुना मजकूर तिथेच पडून राहतो. नवी फाइल बनव. आणि पेनड्राइव्हवरचे बॅकअप विसरू नकोस, काकांकडे दोन-तीन निघतीलच.